गणवेशाच्या नियमाला आव्हान देणाऱ्या कुटुंबांसाठीची सल्लासेवा : दोन प्रकरणांच्या अनुभवावरून परीक्षण

शाळेने एखाद्या मुलाला मनगटातले कडे, डोक्यावरचा पटका किंवा केस झाकणारा रुमाल काढून येण्यास सांगितले, की घरातल्या माणसांना आधी एवढेच ठरवायचे असते की उद्या सकाळी मूल शाळेत पाठवायचे की घरी ठेवायचे. राज्यघटना, हक्क, न्यायालय या गोष्टी नंतर सुचतात. गेल्या शैक्षणिक वर्षात पालक प्रतिनिधी या नात्याने मी अशा दोन कुटुंबांसोबत होते. एक प्रकरण सातवीतल्या मुलाच्या कड्याचे होते आणि दुसरे नववीतल्या मुलीच्या हिजाबचे. दोन्ही वेळा आम्ही एका विनामूल्य सल्लासेवेची मदत घेतली. ही सेवा फोनवरून आणि लेखी स्वरूपात मार्गदर्शन करते आणि तिच्यात काही वकील व काही निवृत्त शिक्षक काम करतात. सेवेचे आणि शाळेचे नाव मी लिहीत नाही, कारण दोन्ही मुले अजून त्याच शाळेत शिकत आहेत आणि नावावरून त्यांच्यापर्यंत पोहोचणे अवघड नाही.

सेवेचा अर्ज भरताना पहिले दोन प्रश्न देश कोणता आणि शाळा सरकारी की खासगी, असे आहेत. मुलीच्या वडिलांना हे प्रश्न कोरडे वाटले. मुलगी ग्रंथालयात बसवून ठेवली जात असताना हे काय विचारत बसले आहेत, असे ते म्हणाले. पण ते प्रश्न अगत्याचे आहेत. फ्रान्समध्ये १५ मार्च २००४ च्या कायद्याने सरकारी शाळांत ठळकपणे दिसणारी धार्मिक चिन्हे घालण्यास बंदी आहे, खासगी शाळांना मात्र तो कायदा लागू होत नाही. भारतात कर्नाटकातील हिजाबच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये विद्यार्थिनींच्या विरोधात निकाल दिला आणि त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयातील दोन न्यायमूर्तींनी परस्परविरुद्ध निकाल दिल्याने प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे सोपवण्याची वेळ आली. म्हणजे रुमाल तोच, मुलीचे वयही तेच, आणि उत्तर मात्र शाळेच्या दाराबाहेरच्या कायद्यावर अवलंबून. हे आधी समजून न घेता लिहिलेले पत्र शाळेच्या कार्यालयात फाइलला लागते आणि तिथेच राहते.

सल्लागार बाईंनी पहिल्याच फोनवर दिलेला सल्ला मला या सेवेचा सर्वांत मोलाचा भाग वाटतो. तो असा, की वाद कितीही न्याय्य असला तरी मुलाने शाळेत जाणे थांबवू नये, आणि शाळेने वर्गाबाहेर बसवले तर प्रत्येक दिवसाची, प्रत्येक तासाची नोंद ठेवावी. शाळेला पाठवलेल्या पहिल्या पत्रात आम्ही कड्याची परवानगी मागितलीच नाही. निर्णय होईपर्यंत मुलाला वर्गात बसू द्यावे, एवढीच विनंती केली. घरच्यांना ही माघार वाटली. त्यावर सल्लागारांनी ब्रिटनमधील डेनबी हायस्कूलचे प्रकरण समजावून सांगितले. त्या शाळेत सलवार-कमीज आणि रुमाल यांना मुभा होती, विद्यार्थिनीला त्याऐवजी अंगभर जिलबाब घालायचा होता. तिचे जवळजवळ दोन वर्षांचे शिक्षण बुडाले आणि २००६ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने, निकाल शाळेच्या बाजूने दिला. दक्षिण आफ्रिकेतील डर्बनच्या शाळेविरुद्धच्या नथीच्या प्रकरणात तर विद्यार्थिनी जिंकली, पण २००७ मध्ये घटनात्मक न्यायालयाचा निकाल आला तेव्हा ती शाळेतून बाहेर पडलेली होती. हरलेली प्रकरणे आधी सांगणारा सल्लागार विरळा. मला तो प्रामाणिकपणा फार भावला.

शाळेशी झालेल्या पहिल्या बैठकीत मुख्याध्यापकांनी विचारले, ‘तुमच्या धर्मात हे सक्तीचे आहे, असा एखादा ग्रंथातला आधार दाखवाल का?’ मुलाचे वडील गडबडले. घरात पिढ्यानपिढ्या घातले जाणारे कडे त्यांनी कधी ग्रंथ उघडून घातले नव्हते. सल्लासेवेने या प्रश्नाची तयारी आधीच करून घेतली होती आणि माझ्या मते तिथेच त्या बैठकीचे पारडे फिरले. एखादी प्रथा सक्तीची आहे की ऐच्छिक, यावर तिचे संरक्षण अवलंबून ठेवू नये, हे डर्बनच्या निकालाने स्पष्टपणे मांडले आहे. ती मुलगी नथ धर्माची सक्ती म्हणून घालत नव्हती. तिच्या तमिळ हिंदू घराण्याची, तिच्या ओळखीची खूण म्हणून घालत होती, आणि न्यायालयाला तेवढे पुरेसे वाटले. वेल्समधील ॲबरडेअरच्या मुलींच्या शाळेत कडे काढण्यास नकार देणाऱ्या शीख विद्यार्थिनीच्या बाजूने २००८ मध्ये उच्च न्यायालयाने निकाल दिला, तेव्हाही त्या वस्तूला तिच्या मनात असलेले असाधारण महत्त्व न्यायालयाने विचारात घेतले होते. सल्लागारांनी वडिलांना सांगितले होते की पंडितासारखे उत्तर द्यायला जाऊ नका, हे कडे तुमच्या मुलासाठी काय आहे तेवढे सांगा. त्यांनी सांगितले. आजोबांनी ते त्याच्या हातात कधी घातले, ते काढल्यावर तो किती अस्वस्थ होतो, आणि एकदा आंघोळीच्या वेळी काढून ठेवलेले कडे सापडेना तेव्हा तो कसा रडला. खोलीत कोणी काही बोलले नाही आणि ग्रंथाचा प्रश्न पुन्हा निघाला नाही.

त्यानंतरचा आक्षेप नेहमीचाच होता : आज एकाला परवानगी दिली तर उद्या सगळेच मागतील. या आक्षेपाला मी स्वतः शाळेच्या बैठकांत अनेकदा मान डोलावलेली आहे, म्हणून सेवेने दिलेले टिपण मी लक्षपूर्वक वाचले. डर्बनच्या प्रकरणात शाळेने हाच मुद्दा मांडला होता आणि न्यायालयाने तो मान्य केला नाही. अपवादामुळे इतर मुलांनाही आपली श्रद्धा किंवा संस्कृती जपावीशी वाटली, तर ती भीतीची गोष्ट नाही, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. शिवाय धार्मिक किंवा सांस्कृतिक कारणाने मागितलेली सवलत आणि निव्वळ हौसेसाठी मागितलेली सवलत यांत फरक करणे शाळेला मुळीच कठीण नसते. चष्मा, कानातले श्रवणयंत्र, पाय दुखतो म्हणून घातलेले वेगळे बूट यांसाठी शाळा रोज तो फरक करतच असते.

सुरक्षिततेच्या मुद्द्यावर सेवेचे काम सर्वांत सकस आहे. शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांची काळजी खोटी नव्हती. खेळताना धातूचे कडे दुसऱ्याला लागू शकते आणि पिनेने आवळलेला रुमाल मानेपाशी ओढला जाऊ शकतो. अशा वेळी पालकांनी ‘काही होत नाही’ म्हणून चालत नाही. सेवेने दोन्ही घरांकडून शाळेपुढे ठेवण्यासाठी लेखी उपाय तयार करून घेतले : खेळाच्या तासाला कड्यावर घट्ट कापडी मनगटपट्टी, आणि रुमालाऐवजी बिनपिनेची, डोक्याला बसणारी, खेळासाठीच शिवलेली टोपीवजा ओढणी. फुटबॉलच्या नियमांत डोके झाकण्यास २०१४ मध्ये आणि आंतरराष्ट्रीय बास्केटबॉलमध्ये २०१७ मध्ये मुभा मिळाली, हे त्या पत्रात नमूद होते. शिक्षकांनी ते वाचून सरळ सांगितले की आंतरराष्ट्रीय सामन्यात चालते ते माझ्या मैदानावर न चालण्याचे कारण मला देता येणार नाही. कॅनडातील किरपाणीच्या, म्हणजे शीख श्रद्धेने बाळगतात त्या छोट्या खंजिराच्या, खटल्याचा उल्लेखही पत्रात होता. शाळेच्या आवारात एका मुलाची किरपाण खाली पडली, त्यावरून वाद सुरू झाला आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरसकट बंदी रद्द ठरवली. किरपाण लाकडी म्यानात, कापडात शिवून आणि कपड्यांच्या आत ठेवायची, अशा अटी तिथे मान्य झाल्या होत्या. शाळेत कात्री, कंपास आणि खेळाच्या बॅटी सहज हाताशी असतात, हेही त्या न्यायालयाने ध्यानात घेतले होते. किरपाणीसारख्या वस्तूलाही जर अटींसह जागा होऊ शकते, तर पाच मिलिमीटर रुंदीच्या कड्यावर शाळेने दीड महिना पत्रव्यवहार करावा, याचे मला आजही वाईट वाटते.

नियम सर्वांना सारखाच आहे, त्यात भेदभाव कुठला, असेही शाळेने लिहिले होते. त्यावर सेवेने दिलेले उत्तर मी जपून ठेवले आहे. बर्मिंगहॅममधील एका खासगी शाळेने शीख मुलाला पगडी काढून केस कापल्याशिवाय प्रवेश देण्यास नकार दिला होता. १९८३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे प्रश्न असा होता की तो मुलगा नियम ‘पाळू शकतो’ का. हाताने पगडी उतरवता येते, या अर्थाने कोणीही तो पाळू शकतो. पण आपल्या समाजाच्या रीतीभातीशी प्रामाणिक राहून पाळू शकतो का, हा खरा अर्थ न्यायालयाने धरला आणि शाळेविरुद्ध निकाल दिला. ज्या नियमात बहुसंख्य मुलांना काहीच उतरवावे लागत नाही, तो सर्वांना सारखा कसा म्हणायचा? ही एक ओळ मी आमच्या व्यवस्थापन समितीपुढे वाचून दाखवली आणि तिचा परिणाम मी डोळ्यांनी पाहिला.

आता उणिवा. पहिल्या पत्राचा मसुदा सेवेने तयार साच्यातून दिला होता आणि त्याची भाषा नोटिशीची होती. तो तसाच गेला असता तर शाळेने लगेच वकील गाठला असता. मी हट्टाने तो मसुदा बदलून घेतला. सगळ्याच पालकांना ते जमेल असे नाही. परदेशी निकाल आपल्या शाळेवर बंधनकारक नसतात, ते केवळ पटवून देण्यासाठी वापरायचे असतात, ही गोष्ट टिपणात शेवटच्या पानावर बारीक अक्षरात आहे. ती पहिल्या पानावर हवी. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने २०१२ मध्ये फ्रान्समधील एका शीख विद्यार्थ्याच्या हकालपट्टीत त्याच्या हक्कांचा भंग झाल्याचे मत दिले, एवढे टिपणात ठळकपणे आहे. पण युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २००८ मध्ये हिजाब काढण्यास नकार देणाऱ्या विद्यार्थिनीची हकालपट्टी वैध मानली, हे त्याच्या शेजारी नाही. फोनवर सगळे खरे सांगणाऱ्या सेवेच्या लेखी कागदात अशी त्रुटी राहू नये.

याहून गंभीर उणीव मुलांशी बोलण्याची आहे. मुलाच्या बाबतीत सल्लागारांनी त्याच्याशी स्वतंत्रपणे बोलून घेतले. मुलीच्या बाबतीत तिसऱ्या बैठकीपर्यंत सगळे तिच्या वडिलांशीच बोलत राहिले. तिला काय हवे हे विचारले गेले तेव्हा कळले की तिला हिजाब घालायचाच आहे, पण वडिलांनी शाळेशी भांडावे असे तिला वाटत नाही, कारण त्यानंतर मैत्रिणी तिच्याशी जपून बोलू लागल्या होत्या. चौदा वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर काय असावे याबद्दल शाळा आणि घर पत्रे लिहीत असताना ती मुलगी त्या पत्रांत कुठेच नव्हती, आणि पालक प्रतिनिधी म्हणून मीही तिला आधी विचारले नाही. सेवेने आपल्या पद्धतीत हा बदल केलाच पाहिजे : मुलाचे किंवा मुलीचे म्हणणे, तिच्या सोयीच्या ठिकाणी, पहिल्या पत्राच्या आधी.

निकाल असा लागला. कड्याला मनगटपट्टीच्या अटीसह लेखी परवानगी मिळाली. हिजाबला शाळेच्या गणवेशाच्या रंगात परवानगी मिळाली, परंतु ती एका वर्षापुरती, दरवर्षी नव्याने अर्ज करण्याच्या अटीवर. ही अट मला मान्य नाही. एकाच मुलीने दरवर्षी आपल्या श्रद्धेची परवानगी का मागावी? सल्लागारांचे मत आहे की आधी वर्ष नीट पार पडू द्यावे आणि मग अट काढून टाकण्याची मागणी नियमावलीच्या फेरविचारात करावी. मी त्यांच्याशी पूर्ण सहमत नाही, पण मुलीने हाच मार्ग निवडला आहे आणि तिचा शब्द अखेरचा.

ज्या पालकांना उद्याच न्यायालयात जायचे आहे, त्यांना ही सेवा संथ वाटेल. ज्यांना मूल वर्गात ठेवून नियम बदलून घ्यायचा आहे, त्यांनी शाळेचे तोंडी फर्मान आल्या दिवशीच या सेवेशी संपर्क साधावा आणि जाताना तीन गोष्टी हाताशी ठेवाव्यात : नियमावलीची छापील प्रत, तोंडी सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीची तारीखवार नोंद, आणि मुलाने स्वतःच्या शब्दांत लिहिलेल्या चार ओळी. आमच्याकडे तिसरी गोष्ट उशिरा आली. ती आली तेव्हा मुलीने कागदावर लिहिले होते की तिला गणिताचा तास चुकवायचा नाही.