श्वेशी छ्यांगक्वो : गुण मोजणारे अ‍ॅप

शांघायमध्ये नव्याने राहायला आलेल्या माणसाला रस्त्यावरची लाल अक्षरे सुरुवातीला केवळ सजावट वाटतात. लिपी डोळ्यांत बसू लागली की मेट्रो स्थानकात, बांधकामाच्या पत्र्यांवर आणि सोसायटीच्या फाटकाशी तेच बारा शब्द पुन्हा पुन्हा भेटत असल्याचे लक्षात येते : देशाची समृद्धी, लोकशाही, सभ्यता, सुसंवाद, स्वातंत्र्य, समता, न्याय, कायद्याचे राज्य, देशप्रेम, कामावरची निष्ठा, सचोटी आणि स्नेह. २०१२ मध्ये भरलेल्या कम्युनिस्ट पक्षाच्या अठराव्या अधिवेशनापासून ही ‘गाभ्याची समाजवादी मूल्ये’ भिंतीभिंतीवर आली. भिंत मात्र कोणाला थांबवत नाही आणि कोणी वाचले, कोणी नाही, याची नोंदही ठेवत नाही. ती नोंद ठेवणारी वस्तू फोनमध्ये असते, आणि हे परीक्षण त्या वस्तूचे आहे.

‘श्वेशी छ्यांगक्वो’ हे अ‍ॅप पक्षाच्या केंद्रीय प्रचार विभागाने जानेवारी २०१९ मध्ये सुरू केले. तांत्रिक बांधणी अलिबाबाच्या चमूने केली. नावाचा सरळ अर्थ ‘अभ्यास करा, देश बलवान करा’ असा असला, तरी ‘श्वेशी’मधला ‘शी’ हे अक्षर अध्यक्ष शी चिनफिंग यांच्या आडनावाचेच असल्यामुळे ‘शींचा अभ्यास’ हा दुसरा अर्थही चिनी वाचकाला आपोआप ऐकू येतो. चिनी मोबाइल क्रमांकावर माझी नोंदणी काही मिनिटांत झाली. अ‍ॅप फुकट आहे आणि त्यात जाहिराती नाहीत.

आतला ऐवज खरोखर मोठा आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. अध्यक्षांची भाषणे आणि रोज संध्याकाळी सातला लागणारे सरकारी वाहिनीचे बातमीपत्र तर आहेच. पण त्यांच्या शेजारी थांग काळातील कविता, पारंपरिक संगीतनाट्ये, विद्यापीठांतील व्याख्याने आणि जुने चित्रपटही आहेत. चिनी भाषा शिकणाऱ्याला इतके स्पष्ट उच्चार आणि इतके शुद्ध लेखन एका ठिकाणी सहज मिळत नाही. माझे वाचन सुधारले ते याच अ‍ॅपमुळे, आणि त्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञता आहे.

अडचण गुणांची आहे. अ‍ॅप उघडले की एक गुण मिळतो. पुढे लेख वाचल्याबद्दल, चित्रफीत पाहिल्याबद्दल, त्यांवर ठरावीक वेळ घालवल्याबद्दल आणि प्रश्न सोडवल्याबद्दल वेगवेगळे गुण मिळतात. प्रत्येक प्रकाराला रोजची मर्यादा असल्यामुळे रविवारी एकदाच बसून आठवड्याची भरपाई करता येत नाही. रोज यावेच लागते. प्रश्नांपैकी बरेचसे गाळलेल्या जागा भरण्याचे असतात, आणि तिथे भाषणातील नेमका शब्दच लागतो, त्याच अर्थाचा दुसरा शब्द चालत नाही. उत्तर आले नाही तर सूचनेचे बटण दाबावे; मूळ उतारा उघडतो आणि हवा असलेला शब्द त्यात लाल रंगात दिसतो. तो पाहून रकान्यात भरला की गुण जमा होतो. अर्थ समजला का, हे कोणी विचारत नाही.

आमच्या मजल्यावर प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या एक शेजारीण राहतात. सगळे त्यांना लाओशी म्हणतात, आपल्याकडे ‘बाई’ म्हणतात तसे. त्या पक्षाच्या सदस्य आहेत. एका संध्याकाळी मी परत करायचे भांडे घेऊन गेलो, तेव्हा त्यांचा फोन तांदळाच्या कुकरला टेकवून उभा होता, त्यावर बातमीपत्र आवाज बंद करून चालू होते आणि त्या ओट्याशी लसूण सोलत होत्या. मधूनच ओला हात पुसून त्या पडद्याला बोट लावत, कारण पडदा विझला तर वेळ मोजली जात नाही. “अजून आठ राहिले,” एवढेच त्या म्हणाल्या. त्यांच्या शाळेत महिन्याच्या शेवटी गुणांची यादी गटावर लावली जाते. पक्षाची सदस्यसंख्या १० कोटींच्या घरात आहे. किती स्वयंपाकघरांत रोज असा मुका पडदा चालू असेल, हे त्या दिवसापासून माझ्या मनातून गेलेले नाही. लाओशींना दिवसाकाठी मिळणारा मोकळा अर्धा तास यात जातो, आणि मला सर्वांत जास्त खटकते ते हेच.

या अ‍ॅपमधला शोध मी दोन कारणांसाठी मुद्दाम वापरला. पहिल्यांदा आपल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे चिनी नाव, ‘ख तीह्वा’, घातले. १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला आलेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या ३२व्या वर्षी इथेच वारलेले कोटणीस त्यात आदराने भेटले. ‘सैन्याने एक मदतीचा हात गमावला, राष्ट्राने एक मित्र गमावला,’ हे माओंचे शोकवचनही सोबत होते. वाचताना डोळे भरून आले, आणि ती भावना खोटी नव्हती.

दुसऱ्यांदा गलवान शोधले. जून २०२० च्या झटापटीत आपले २० जवान गेले. चीनने आपल्या चार मृतांची नावे आठ महिन्यांनी, फेब्रुवारी २०२१ मध्ये जाहीर केली. मी वाचलेल्या लेखात त्या चौघांची घरे, पत्रे, आईवडील सगळे होते, पण समोरच्या बाजूला फक्त ‘विदेशी सैन्य’ होते. भारत हा शब्द नव्हता, आपल्या वीस जणांचा उल्लेख नव्हता. कोटणीसांच्या देशाचे नाव ज्या संग्रहात इतक्या प्रेमाने घेतलेले असते, त्याच संग्रहात ते दुसऱ्या ठिकाणी सोयीने गाळलेले असते. दोन्ही लेख छापील अक्षरांइतकेच नेटके होते. कोटणीसांवरचा लेख खरा असूनही मी आता तो पूर्वीसारखा निर्धास्तपणे वाचू शकत नाही, आणि याचे मला वाईट वाटते.

चिनी भाषेत ‘श्वेनच्वान’ म्हणजे प्रचार हा शब्द लाजिरवाणा नाही. आरोग्य खात्याची माहितीपत्रकेही त्याच शब्दाने ओळखली जातात. त्यामुळे या अ‍ॅपला ‘छुपे’ म्हणणे चुकीचे ठरेल. ते आपली ओळख दारावरच सांगते.

घ्यायचे असेल त्यांनी वेगळ्या फोनवर घ्यावे, हा माझा आग्रह आहे. २०१९ मध्ये जर्मनीच्या क्युअर५३ या संस्थेने अँड्रॉइड आवृत्ती तपासून, फोनवर मालकाइतके अधिकार मिळवू शकणारे कोड त्यात असल्याचे म्हटले होते. चीन सरकारने ते नाकारले. चिनी शिकणाऱ्यांनी काव्य आणि नाट्याचे विभाग जरूर पाहावेत, व्याख्याने ऐकावीत. गुणांचे पान उघडू नये. माझ्या खात्यावर ४१२ गुण आहेत आणि गेले वर्षभर ते तेवढेच आहेत. लाओशींना मात्र तशी मोकळीक नाही.