वाचनालयाची दोन पुस्तकांची वर्गणी: बऱ्याच महिन्यांनंतरचा अनुभव (बांधणीचं आधी वाचा)

कोल्हापुरातल्या आमच्या पेठेतल्या वाचनालयात परवा माझ्या अनामतीतून पुस्तकाची किंमत कापायला घेतली, म्हणून हे लिहायला बसले. नाव देत नाही, कारण हा प्रकार एकाच ठिकाणचा नाही. वर्गणी, अनामत, उशिराचा दंड हे सगळ्यांना ठाऊक असतं. मी बोलणार आहे ते बांधणीबद्दल.

वाचनालयात पुस्तक आलं की त्याला पुठ्ठा घालतात. चांगली पद्धत म्हणजे जुजबंदी. सोळा पानी फॉर्म, म्हणजे छापून घडी घातलेले कागद, घडीतून शिवले की पुस्तक सपाट उघडतं आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकतं. पण हल्ली बरीच पुस्तकं मुळात गोंदावरच चिकटवलेली येतात. त्यात घडी उरलेलीच नसते, मग शिवणार कुठून? बाइंडर कडेपासून बोटभर आत भोकं पाडून दोरा आरपार ओवतो. पुस्तक दगडासारखं घट्ट होतं आणि आतला समास गिळून टाकतं.

कादंबरीत हे कसंबसं चालतं, पुढचा-मागचा संदर्भ लागतो. कवितेत चालत नाही. डाव्या पानावर कविता व्यवस्थित दिसते, कारण ओळी आखूड असतात आणि शिवण उजवीकडे असते. उजव्या पानावर मात्र प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर शिवणीत जातं. ओळ ‘न’ने सुरू होते की ‘म’ने, हे अंदाजानं ठरवायचं! कवीनं शब्द तोलून मापून ठेवलाय आणि आपण तो दोऱ्याखाली दाबतोय, याचा मला मनापासून राग येतो.

त्यातच मी नेलेल्या एका कवितासंग्रहाचं पान निघालं. काउंटरवरचे काका म्हणाले, “ताई, पुस्तक तुमच्या नावावर हाय, नोंद तर करावी लागणार की.” मी पान हातात घेऊन कडा दाखवली. फाटलेली रेघ सरळ होती आणि बरोबर शिवणीच्या भोकांतून गेली होती. “काका, हातानं फाटलेलं पान असं सरळ फाटतं का?” त्यांनी चष्मा लावून पाहिलं, ग्रंथपाल मॅडमना बोलावलं. मॅडमनी किंमत कापणं रद्द केलं आणि पुस्तक बाइंडरकडे पाठवलं. पुन्हा आरपार शिवू नका, नाहीतर आणखी एक अक्षर जाईल, असं मी दोनदा बजावून आले.

आता वर्गणीविषयी. सुरुवातीला एका पुस्तकाची घेतली होती, पैसे कमी म्हणून. तेव्हा कुणी विचारलं असतं, तर तेवढी पुरते असंच सांगितलं असतं. आता दोनचीच घ्या म्हणेन. एकच पुस्तक न्यायचं असलं की माणूस खात्रीचं उचलतो, सगळे वाचतात ते. दुसरी जागा मोकळी असली की खालच्या कप्प्यातलं, कुणी न नेलेलं काहीतरी काढून बघावंसं वाटतं. नाहीच आवडलं, तर परत करायचं, खिशाला काही लागत नाही. माझ्या वाचनाची खरी मजा त्या दुसऱ्या पुस्तकानं सुरू झाली.

‘ययाति’ १९५९ची, ‘कोसला’ १९६३ची, ‘मृत्युंजय’ १९६७ची. आठ वर्षांत आलेली ही तीन पुस्तकं मी यंदा पाठोपाठ वाचली. पहिली आणि तिसरी घराघरांत वाचलेली, मधली म्हणजे ज्यांना भिडली त्यांनी आयुष्यभर उराशी धरलेली. ‘ययाति’त राजा, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीनं आपलं सांगतात. ‘मृत्युंजय’मध्ये कर्णाबरोबर कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, श्रीकृष्ण असे सगळे बोलतात. म्हणजे एकच गोष्ट अनेक तोंडांनी ऐकायची सवय मराठी वाचकाला या लोकप्रिय पुस्तकांनीही लावली. मग ‘कोसला’त पांडुरंग सांगवीकर एकटाच बोलत सुटतो, मध्येच डायरी लिहू लागतो, तेव्हा त्यात नवं काय होतं ते नीट कळतं. तिकडे सजवलेली, पल्लेदार वाक्यं, इकडे होस्टेलच्या खोलीतली बोली. एकीमुळे दुसरीचा आवाज स्पष्ट ऐकू आला. बेस्टसेलर हलकं आणि मोजक्या भक्तांचं पुस्तक भारी, हे वर्गीकरण मला तेव्हापासून पटेनासं झालंय. बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांतला झुंजारही मी त्याच पिशवीतून घरी आणते, आणि तो वाचताना गॅसवरचं दूध उतू जातं.

आणि बांधणीचं हे असं कोल्हापुरात व्हावं याचं मला फार वाईट वाटतं. ‘ययाति’वाले खांडेकर इथं राहिले, ‘मृत्युंजय’वाले शिवाजी सावंत जिल्ह्यातल्या आजऱ्याचे, कवी अरुण कोलटकर तर इथंच जन्मले. भारतातला पहिला सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९४५ साली कोल्हापूर संस्थानानं केला, राज्याचा कायदा यायला १९६७ उजाडलं. अशा गावात कवितेचं पहिलं अक्षर दिसू नये?

गुण द्यायचे तर निवडीला पाचपैकी पाच. कपाटाशी उभं राहून स्वतः पुस्तक काढता येतं, हे सुख यादीतून मागवण्यात नाही. नव्या कादंबऱ्यांसाठी थांबावं लागतं, ते मी समजून घेते. बांधणीला दोन, तेही मॅडमनी ऐकून घेतलं म्हणून.

कविता घेताना मधलं एखादं उजवं पान उघडून बघा. ओळींची सुरुवात दिसत नसेल किंवा पान भोकांपाशी सुटत असेल, तर पुस्तक नेण्याआधीच काउंटरवर दाखवा आणि तारीख घालून पेन्सिलीनं नोंद करून घ्या, म्हणजे अनामतीला कुणी हात लावणार नाही.