87,400 रँडचा कागद

आकडा आधीच सांगून टाकतो, कारण लोक शेवटी तेवढंच विचारतात. एका खोट्या सर्टिफिकेटपायी 87,400 रँड. तेव्हा रुपयांत चार लाखांच्या आसपास. तीन हप्त्यांत गेले: 28,750, मग 46,000, मग 12,650. तिन्ही वेळा बटण मी दाबलं, तेही हिशेबाच्या वहीत नीट नोंद करून.

मी मूळचा सांगलीकडचा. 2007 साली वर्क परमिटवर जोहान्सबर्गला आलो, 2016 साली इथलं नागरिकत्व घेतलं. जर्मिस्टनला पंप आणि मोटर दुरुस्तीचं वर्कशॉप आहे, माझ्यासकट दहा माणसं. उलाढाल वर्षाला 1 कोटी 40 लाख रँड. एका मोठ्या गिऱ्हाइकाची मेल आली की पुरवठादारांच्या यादीत राहायचं असेल तर 30 दिवसांत बीईई (ब्लॅक इकॉनॉमिक एम्पॉवरमेंट) सर्टिफिकेट द्या, लेव्हल 4 किंवा वरची.

इथे राहणाऱ्यांना सांगायला नको, पण पुण्या-मुंबईहून वाचणाऱ्यांसाठी दोन ओळी. वर्णभेदाच्या काळात ज्यांना धंद्यातून, जमिनीतून, शिक्षणातून बाहेर ठेवलं, त्यांना अर्थव्यवस्थेत वाटा मिळावा म्हणून 2003 चा हा बीईई कायदा आहे. कंपनीला मालकी, व्यवस्थापन, प्रशिक्षण, पुरवठादारांचा विकास आणि समाजकार्य यांवर गुण मिळतात आणि त्यावरून लेव्हल ठरते. लेव्हल 1 वाल्याकडून 100 रँडचा माल घेतला तर घेणाऱ्याच्या खात्यात 135 धरले जातात, लेव्हल 8 वाल्याकडून घेतला तर फक्त 10. म्हणून मोठी कंपनी छोट्याच्या मागे लागते. कायदा मला पटतो. मी फसलो म्हणून कायद्याला शिव्या घालणाऱ्यांत मला धरू नका, तसे लोक इथे पुष्कळ आहेत.

तर ज्याने मला फसवलं तो भेटला गणपतीत. आरती झाली, हातात खिरापतीचा द्रोण, कुणीतरी ओळख करून दिली, "हा बीईईचं सगळं बघतो, आपलाच माणूस." पस्तिशीचा असेल. "काका, तुम्ही टेन्शनच घेऊ नका. तुम्ही इंडियन ना? म्हणजे कायद्यानं ब्लॅकच. शंभर टक्के ब्लॅक मालकी. लेव्हल 1 कुठे गेली नाही."

अर्धं खरं होतं, म्हणूनच गळी उतरलं. कायद्याच्या व्याख्येत आफ्रिकन, कलर्ड आणि इंडियन तिघेही ब्लॅक धरतात. पण पुढचं वाक्य तो बोलला नाही आणि मी वाचलं नाही: जन्माने किंवा वंशाने इथले नागरिक, नाहीतर 27 एप्रिल 1994 च्या आधी नागरिकत्व घेतलेले, किंवा त्या तारखेआधी ते मिळण्याचा हक्क असलेले. आमच्या शेजारच्या गाळ्यातले तमिळ गृहस्थ त्यात बसतात. त्यांचे पूर्वज 1860 नंतर नाताळ वसाहतीतल्या उसाच्या मळ्यांत राबायला आणलेले, पुढच्या पिढ्यांनी वेगळ्या वस्त्या, वेगळ्या शाळा, वेगळे बाक सोसले. मी 2007 साली विमानाने आलो, कंपनीने तिकीट काढलं होतं. मी त्यात कसा बसेन? शांतपणे विचार केला असता तर कायदा न वाचताही कळलं असतं.

दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर दरपत्रक आलं. लेव्हल 4: 17,250. लेव्हल 2: 23,000. लेव्हल 1: 28,750. व्हॅटसह. माझी फाइल अजून कुणी उघडलेली नाही आणि निकालाचे भाव ठरलेत! परीक्षेआधीच फर्स्ट क्लास एवढ्याला, डिस्टिंक्शन तेवढ्याला असं बोर्डाने लिहून पाठवल्यासारखं. लेव्हलनुसार फी सांगणारा कुणीही भेटला तर तिथूनच परत फिरा. पडताळणीची फी कामावर ठरते, तुम्ही किती मोठे, किती कागद, किती दिवस यावर. निकालावर ठरूच शकत नाही.

मी काय केलं? लेव्हल 1 निवडली. मेनू कार्डातून थाळी निवडावी तशी.

आता ज्या दिवसाबद्दल मला खरी लाज वाटते तो दिवस. "व्हेरिफिकेशन अॅनालिस्ट येतील" असा निरोप आला. मी आणि हिने दोन रात्री बसून फायली लावल्या होत्या. पगारपत्रकं, कामगारांच्या आयडीच्या प्रती, कंपनी नोंदणीचे कागद, पावत्या. पाच बॉक्स फायली, प्रत्येकीवर हिच्या अक्षरात लेबल. अॅनालिस्ट आला, चहा घेतला, चिवडा आवडला म्हणाला, डबा कुठून आणता विचारलं. वर्कशॉपच्या दारात उभं राहून मोबाइलवर चार फोटो काढले. एकाही कामगाराशी बोलला नाही. माझ्या फोरमनकडे पाहून नुसती मान हलवली. माझं नागरिकत्व कधीचं, हे विचारलं नाही. फायलींवर हात ठेवला, उघडली एकही नाही. 20 मिनिटांत गेला.

आणि मला बरं वाटलं. सुटलो, असं वाटलं! गाडीला नळी न लावता पीयूसीचा कागद मिळाला की जसं वाटतं अगदी तसं. तपासायला आलेला माणूस न तपासता गेला तर काहीतरी भयंकर चुकतंय, हे पंपाच्या बाबतीत मला झोपेतही कळतं. प्रेशर टेस्ट न घेता पंप बाहेर सोडणाऱ्या पोराला मी घरी पाठवलं असतं. स्वतःच्या कागदाच्या बाबतीत मात्र मी खूश होऊन उरलेला चिवडा त्याला बांधून दिला.

ही तेव्हाच म्हणाली होती. ही सांगलीत शाळेत शिकवायची. "शिकवणी घेणारा आणि पेपर तपासणारा एकाच घरातून येतायत, मला काही बरं दिसत नाही." मी म्हटलं, इथली पद्धत असेल. प्रत्यक्षात इथली पद्धत नेमकी उलटी आहे. जो तुम्हाला सल्ला देतो, फाइल तयार करून देतो, त्याने किंवा त्याच्या भागीदाराने तीच फाइल पडताळायची नाही. पडताळणी संस्थेला सानास या राष्ट्रीय मान्यता संस्थेची मान्यता लागते, आणि त्या मान्यतेचा पायाच स्वतंत्रपणा आहे. आपल्याकडे जातीचा दाखला प्रांत देतात आणि वैधता पडताळणी समिती ठरवते, त्यातलाच प्रकार. दोघांचं लेटरहेड वेगळं होतं, मान्य. बँक खातं एकच होतं. हे मला तिसरा हप्ता भरतानासुद्धा दिसलं नाही. दिसलं असणार. बघितलं नाही.

दुसरा हप्ता 46,000 चा, "स्किल्स"चा. लेव्हल 1 पक्की करायची तर दोन बेरोजगार मुलांचं प्रशिक्षण दाखवावं लागेल, मुलं आमच्याकडे तयार आहेत, तुम्ही फक्त पैसे भरा. मुलं मी कधी पाहिली नाहीत. महिन्याच्या हजेरीपत्रकांची प्रत आली, त्यात दोघांच्या सह्या एकाच पेनाच्या, एकाच तिरक्या वळणाच्या. 12,650 "अर्जंट प्रोसेसिंग"चे. कसलं प्रोसेसिंग, देव जाणे.

थोडी माझीही बाजू ऐका. 2023 चं वर्ष होतं, स्टेज 6 चं लोडशेडिंग, दिवसातले निम्मे तास जनरेटरवर, डिझेलच्या बिलाने जीव नकोसा केलेला. मुलगा मॅट्रिकला. मुदतीला 11 दिवस उरलेले. नऊ माणसांचे पगार त्या एका गिऱ्हाइकावर. अशा वेळी "काका, मी आहे ना" म्हणणारा माणूस देवासारखा वाटतो. ज्यांना असं कधी वाटलं नाही त्यांनी मला खुशाल हसावं.

सर्टिफिकेट आलं. जाड कागद, सोनेरी कडा, लोगो, नंबर. पाठवलं. सहा आठवड्यांनी गिऱ्हाइकाच्या खरेदी विभागातून एका बाईंचा फोन. आवाज अगदी सौम्य. "सर, तुम्ही नागरिक कधी झालात?" म्हटलं, 2016. पलीकडे शांतता. मग म्हणाल्या, "आणि या संस्थेचा मान्यता क्रमांक आम्हाला यादीत सापडत नाहीये." मी उभा होतो तो ड्रिलिंग मशीनला टेकलो. संध्याकाळपर्यंत यादीतून नाव गेलं, हातातली 3,12,000 रँडची ऑर्डर गेली.

ती यादी सानासच्या वेबसाइटवर सगळ्यांना खुली आहे. दोन मिनिटांचं काम. सर्टिफिकेटवरचा नंबर, संस्थेचं नाव, मान्यतेची मुदत, तिन्ही जुळवा. आणि हो, पैसे देण्याआधी.

आता यातली सगळ्यात कडू गोष्ट. मी कायद्याने खरोखर ब्लॅक असतो, तर माझ्या आकाराच्या, म्हणजे 1 कोटी ते 5 कोटी रँड उलाढालीच्या कंपनीला सर्टिफिकेट लागलंच नसतं. 51 टक्के किंवा जास्त ब्लॅक मालकी असेल तर शपथपत्र पुरतं. पोलीस ठाण्यात कमिशनर ऑफ ओथ्ससमोर सही करायची, फुकट. त्या शपथपत्रात ती 1994 ची व्याख्यासुद्धा छापलेली असते. 1 कोटीच्या आतल्यांना तर मालकी कुणाचीही असो, शपथपत्रच. म्हणजे मी ब्लॅक असतो तर पैसे भरायची गरज नव्हती, आणि नाही तर त्या कागदाला किंमत नव्हती. त्याने मला दोन्ही बाजूंनी कापलं आणि मी पावती मागितली. तुम्ही शपथपत्राच्या गटात असाल आणि कुणी सर्टिफिकेट विकत असेल, तर आधी विचारा, कशाला?

पोलिसांकडे तीनदा गेलो. पहिल्यांदा: हा दिवाणी मामला आहे, वकील गाठा. दुसऱ्यांदा काउंटरवरच्या बाईंनी स्टेटमेंट लिहून घ्यायला सुरुवात केली, बीईई शब्द आला तशी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, म्हणजे खोटं सर्टिफिकेट तुम्ही वापरलंत? तिसऱ्यांदा केस नंबर मिळाला. पाच आठवड्यांनी एसएमएस: केस बंद. कारण नाही, फोन नाही, काही नाही. बँक म्हणाली, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत. एका सरकारी कार्यालयाने फॉर्म भरून घेतला, शपथेवर, पुराव्यांसह, 61 पानं. उत्तरादाखल आपोआप येणारी मेल. महिन्याने फोन केला तर दुसऱ्या कार्यालयाचा नंबर दिला. तिथल्या साहेबांनी पोलिसांचा. पोलिसांनी पहिल्या कार्यालयाचा! मी त्यांना म्हटलं, साहेब, तुमच्या तिघांची एकदा चहाला गाठ घालून देतो, चिवडा माझ्याकडून. फोन ठेवला त्यांनी.

कायद्यात नाही असं नाही. 2013 च्या दुरुस्तीने जाणूनबुजून खोटी माहिती देणाऱ्याला 10 वर्षांपर्यंत कैद आहे, कंपनीला उलाढालीच्या 10 टक्क्यांपर्यंत दंड. पडताळणी करणाऱ्याला गुन्हा कळला आणि त्याने कळवलं नाही तर त्यालाही दंड किंवा वर्षभर कैद. पण त्या कलमाच्या टोकाशी मला दिसत होतो मीच. माझ्या उलाढालीचे 10 टक्के म्हणजे 14 लाख रँड. सर्टिफिकेटवर नाव माझं, पाठवलं मी. "मला माहीत नव्हतं" हे प्रत्येक काउंटरवर सांगायचं आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर "हो, सगळे असंच म्हणतात" हे वाचायचं. फ्रंटिंग करणारे खरे चोर इथे कमी नाहीत, नावापुरता माणूस मालक दाखवून कंत्राटं लाटणारे. त्यांच्याच रांगेत मला उभं केलं गेलं. तो पोरगा मात्र पुढच्या गणपतीतही आला होता म्हणे. मी गेलो नव्हतो. ज्यांनी ओळख करून दिली त्यांनी विचारलं, "अरे, तू त्याचं नाव पोलिसांत कशाला दिलंस? आपापसात मिटवायचं."

नोंद करून ठेवा: सगळं मेलवर मागा. व्हॉट्सॲपचे मेसेज त्याने "डिलीट फॉर एव्हरीवन" केले. दरपत्रकाचा स्क्रीनशॉट मी केवळ हिला दाखवायला काढला होता म्हणून वाचला.

नंतर खरी पडताळणी करून घेतली. यादीत नाव शोधून, लेखी करार करून. एक बाई आल्या, दोन दिवस बसल्या. पाचही बॉक्स फायली उघडल्या, पगारपत्रकातली एक नोंद बँक स्टेटमेंटशी जुळेना म्हणून तास खाल्ला. फोरमनला वेगळ्या खोलीत बसवून विचारलं, तुझं काम नक्की काय, पगार किती, निर्णय कोण घेतं. माझ्या नागरिकत्वाच्या सर्टिफिकेटवरची तारीख बोट ठेवून वाचली. हिने चहा विचारला. नको म्हणाल्या, पाण्याची बाटली आणि डबा घरून आणला होता. मी चिडलो होतो, खोटं कशाला बोलू.

गुण जेमतेम लेव्हल 7 चे भरले. मालकीच्या रकान्यात शून्य, म्हणून नियमाने एक पायरी खाली. लेव्हल 8. जुन्या गिऱ्हाइकाला ते पाठवलं आहे. अजून उत्तर नाही.