शासनमान्य नर्सिंगच्या नावाखाली माझे ४२,५०० गेले, तुमच्या मुलीचे जाऊ देऊ नका

लिहू का नको असं खूप दिवस चाललं होतं, पण परवा गावातल्याच एका मुलीने मला फसवलेल्या सेंटरच्याच बोर्डाचा फोटो पाठवून विचारलं, ताई इथं ॲडमिशन घेऊ का, म्हणून आज सगळं लिहायला बसले. मोठं झालंय, पण घरात बारावी झालेली मुलगी असेल तर पूर्ण वाचा.

मी बीड जिल्ह्यातली, बारावी आर्ट्स. माझी आजी शेवटचे सहा महिने खाटेवर होती, तिचं खाणंपिणं, कपडे बदलणं सगळं मीच केलं, तेव्हापासून नर्सिंगच करायचं हे डोक्यात पक्कं होतं. प्रायव्हेट कॉलेजची जीएनएमची, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाची, फी ऐकून वडील गप्पच बसले. मग २०२४ मध्ये तालुक्याला स्टँडसमोर बोर्ड दिसला, तिरंगा, सरकारच्या स्किल इंडियाचं चिन्ह, शासनमान्य नर्सिंग कोर्स, ६ महिने, १०० टक्के नोकरी.

आत एक सर होते, बोलायला एकदम गोड. म्हणाले ही सरकारची आणि मोठ्या हॉस्पिटलांची पार्टनरशिप आहे, हॉस्पिटलला माणसं कमी पडतात, सरकार शिकवून देतं, हॉस्पिटल घेतं. आणि हे ऐकून खोटं वाटायचं काही कारणच नव्हतं, कारण अशी योजना खरंच आहे. २०२१ च्या जूनमध्ये कोविडसाठी केंद्र सरकारने क्रॅश कोर्स काढला होता, २६ राज्यांत १११ सेंटर, घरी पेशंट सांभाळण्यापासून सॅम्पल घेण्यापर्यंत सहा प्रकारची कामं शिकवायचे. आमच्या शेजारच्या दादाने तोच केला होता, एक रुपया न देता, आणि त्याला वॉर्डात काम पण लागलं. त्यामुळे आई म्हणाली, त्याचं झालं तसं तुझं पण होईल.

सरांनी पण फुकटच सांगितलं होतं. फक्त रजिस्ट्रेशनचे २,५०० म्हणाले. मग युनिफॉर्म आणि किटचे ५,०००. मग हॉस्पिटल प्रॅक्टिकलचे २०,०००. मग प्लेसमेंट डिपॉझिट १५,०००, हे नोकरी लागल्यावर परत मिळणार होते. एकदम ४२,५०० मागितले असते तर आम्ही उठून आलो असतो, पण दर वेळी वाटायचं आता एवढं दिलंय तर हे पण देऊन टाकू. प्रॅक्टिकलचे पैसे आईने बचत गटातून कर्ज काढून दिले. सगळं रोख, पावती उद्या देतो. फक्त किटचे ५,००० फोनपेवरून गेले, ते पण सेंटरच्या खात्यात नाही, कुणाच्या तरी वैयक्तिक नावावर. ओरिजिनल टीसी आणि मार्कशीट त्यांनी ठेवून घेतली.

शिकवणं म्हणाल तर पहिला महिना कुणीतरी झेरॉक्स वाचून दाखवायचं. नंतर आठवड्यातून दोन दिवस फक्त हजेरीच्या मशीनवर अंगठा लावायला बोलवायचे आणि घरी पाठवायचे, हे लक्षात ठेवा, पुढे येतंय. प्रॅक्टिकल म्हणजे एका छोट्या दवाखान्यात पंधरा दिवस फरशी पुसणं आणि फायली लावणं. बीपी घ्यायला एकदाही दिलं नाही.

शेवटी सोनेरी बॉर्डरचं सर्टिफिकेट मिळालं, त्यावर असिस्टंट नर्सिंग डिप्लोमा आणि दिल्लीच्या कुठल्याशा कौन्सिलचं नाव. प्लेसमेंट आज लावतो उद्या लावतो करत दोन महिने गेले. मग मी स्वतःच पुण्याला मावशीकडे गेले आणि एका हॉस्पिटलमध्ये इंटरव्ह्यू दिला. तिथल्या सिस्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, पेशंट अंथरुणावरून उठू शकत नसेल तर कूस किती वेळाने बदलायची? मला येईना. त्यांनीच सांगितलं, साधारण दर दोन तासांनी, नाहीतर पाठीला, माकडहाडाला जखमा होतात. माझ्या आजीच्या पाठीला तशाच जखमा झाल्या होत्या. सहा महिने मी तिची सेवा केली आणि तिला त्या का झाल्या ते मला त्या खुर्चीत बसून कळलं. मी तिथेच रडले. पैशाचं दुःख आहेच, पण हे शिकायला म्हणून तर मी गेले होते, आणि मला काहीही न शिकवता खऱ्या पेशंटजवळ उभं करणार होते ही माणसं.

त्या सिस्टरांनी बसवून पाणी दिलं आणि नीट समजावलं, तेच तुम्हाला सांगते. सहा महिन्यांत कुणी नर्स होत नाही. एएनएम दोन वर्षांचं, जीएनएम तीन, बीएस्सी नर्सिंग चार, आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी लागते. कमी मुदतीचा जो खरा कोर्स आहे तो जनरल ड्युटी असिस्टंटचा, त्याला जीडीए म्हणतात, पेशंटला अंघोळ, बेड बदलणं, कूस बदलणं, व्हीलचेअर, हे काम. चांगलं काम आहे, पण ती नर्स नाही. त्याचा अभ्यासक्रम हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलचा असतो, माझ्या सर्टिफिकेटवरचं नाव त्याच्याशी मिळतंजुळतं होतं पण ते नव्हतं. क्यूआर कोड स्कॅन केला तर सेंटरवाल्यांचीच वेबसाईट उघडली. खरं सर्टिफिकेट स्किल इंडिया डिजिटल हब या सरकारी पोर्टलवर दिसलं पाहिजे. आणि प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत, म्हणजे स्किल इंडियाच्या मोफत कोर्सात, मुलीकडून फी घ्यायचीच नसते, सेंटरला पैसे सरकार देतं. फी घेऊन चालणारे खरे कोर्स पण असतात, पण मग त्यावर ही योजना लिहायची नाही आणि पावती द्यायची.

सगळ्यात मोठा धक्का नंतर बसला. मी खऱ्या जीडीए बॅचला नाव द्यायला गेले तर तिथला ऑपरेटर म्हणाला, ताई तुमच्या आधारवर आधीच एक कोर्स पूर्ण झालेला दिसतोय, शिवणकामाचा. मी आयुष्यात शिलाई मशीनवर बसले नाही. तेव्हा ते अंगठे आठवले. म्हणजे माझ्याकडून पैसे घेतले ते घेतले, आणि मला काय वाटतं तर माझ्या नावावर सरकारकडून पण उचलले असतील. सरकार पैसे देतं, हॉस्पिटल माणसं मागतं, पण मध्ये तालुक्याला खोली भाड्याने घेऊन बसलेल्या माणसाला बघायला कुणी येतं का? आमच्या बॅचला सहा महिन्यांत एकही साहेब आला नाही.

पोलिसांत लेखी तक्रार दिलीय, सोबत फोनपेचा स्क्रीनशॉट, पुरावा म्हणून तेवढाच आहे. पैसे ऑनलाइन गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, मी उशीर केला. बॅचमधल्या अकरा मुलींपैकी चारच सही करायला तयार झाल्या, बाकीच्यांचे घरचे म्हणतात बदनामी होईल, लग्नं व्हायचीत. त्यांनी हे वाचलं तर एवढंच सांगते, चूक तुमची नाही, सही करा. आणि टीसी कुठेही ठेवून देऊ नका, माझी मिळवायला वडिलांना नऊ खेपा घालाव्या लागल्या.

बोर्ड अजून आहे स्टँडसमोर, फक्त नाव बदललंय. आणि आईच्या गटाचे चार हप्ते अजून राहिलेत.