कार्बन कोअर की स्पायरल प्लग वायर?

ट्यून केलेल्या जुन्या मारुती एस्टीमसाठी प्लग वायर (स्पार्क प्लगला वीज पोचवणारी वायर) घ्यायला गेलं की दोन प्रकार समोर येतात. कार्बन कोअर स्वस्त, आणि नवी असताना ठिणगीही चांगली देते. पण तिच्या गाभ्यात कार्बन भिनवलेला धागा असतो. वायर धरून ओढली किंवा घडी पडली की तो आतून तुटतो आणि चढावर, लोडवर मिसफायर (ठिणगी चुकून इंजिन झटके देणं) सुरू होतो. त्यात जळगाव-भुसावळचा मे महिना. बोनेटखाली साधं रबर लवकर कडक होऊन तडकतं.

स्पायरलमध्ये बारीक तार गुंडाळलेली असते. रोध कमी, तरी रेडिओ आणि ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) त्रास देणारा विद्युत गोंगाट दबतो. नुसत्या तांब्याच्या वायरीत तो दबत नाही, म्हणून ती नकोच. वायरीने हॉर्सपॉवर वाढत नाही, हेही खरं. स्टॉक, म्हणजे बदल न केलेल्या इंजिनाला कार्बन पुरते. हेडर (इंजिनाला जोडलेला, खूप तापणारा एक्झॉस्ट पाइपांचा संच) लावला असेल तर सिलिकॉन आवरणाची स्पायरलच घ्या आणि हेडरपासून लांब बांधा.

एकेक वायर बदला, म्हणजे फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) चुकत नाही. काढताना बूट (वायरीच्या टोकाची रबरी टोपी) धरून आधी थोडा फिरवा. बसवताना ‘टक्’ ऐकू यायला हवं. मग रात्री, अंधारात इंजिन चालू ठेवून हात न लावता बघा: निळी ठिणगी बाहेर उडत असेल तर तिथे गळती आहे.