काल्पनिक नकाशा रंगवायचा: कागदावर जलरंगांनी की क्रितामध्ये?

शाईने काढलेला काल्पनिक मुलखाचा नकाशा तयार आहे. डोंगर, नद्या, गावांची नावं सगळं जागेवर आहे, आता तो रंगवलेल्या चित्रासारखा दिसायला हवा. इथे दोन वाटा फुटतात: मूळ कागदावरच जलरंग चढवायचे, किंवा नकाशा स्कॅन करून क्रिता या संगणकावर चित्रं रंगवायच्या सॉफ्टवेअरमध्ये रंगवायचा. मी दोन्ही करून पाहिलं आहे. क्रिता फुकट मिळतं, साधा पेन-टॅबलेट पुरतो, शाई वॉटरप्रूफ हवी. हे तुम्हाला ठाऊक असेलच.

नुसत्या दिसण्याचा प्रश्न असेल तर जलरंगांना तोड नाही. ओल्या कागदावर अल्ट्रामरीन हा निळा रंग सोडला की त्याचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि समुद्र आपोआप दाणेदार होतो. वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सपाट थर, वाळताना कडेला रंग साचतो, ती गडद रेघ किनारपट्टीला फार शोभते. क्रितातही ओल्या रंगाची नक्कल करणारे ब्रश आहेत आणि ते बरे आहेत. पण मोठ्या समुद्रावर फिरवले की तोच तो डाग पुन्हा पुन्हा नजरेत भरतो.

तरीही मी क्रिताकडे झुकलो, ते पावसाळ्यामुळे. मी फोंड्यात राहतो. जून ते सप्टेंबर इथे वॉश वाळता वाळत नाही, पण ते चालवून घेता येतं; सावकाश वाळलेला वॉश कधी कधी सुरेख उतरतो. खरी अडचण कागदाच्या खळीची. जलरंगाच्या चांगल्या कागदाला बऱ्याचदा जिलेटिनची खळ दिलेली असते, तिच्यामुळे रंग वरच्या वर थांबतो. दमट हवेत पडून राहिलेल्या कागदाची ही खळ जागोजागी निकामी होते. कोरडा कागद उजेडात धरून पाहिला तरी काही कळत नाही. वॉश ओढला की मग बारीक गोल ठिपके उमटू लागतात. तेवढ्या जागी कागद टिपकागदासारखा रंग पितो आणि ठिपका गडद होऊन बसतो, पुसून जात नाही. ३०० ग्रॅमच्या जाड सुती कागदावरही मला हे भोगावं लागलं. डोंगरांत ठिपके खपून जातात, मोकळ्या समुद्रात नाही. आणि हे कळतं केव्हा, तर सगळं शाईकाम आणि अक्षरलेखन त्याच कागदावर पूर्ण झाल्यावर. कोरड्या मुलखात राहणाऱ्याचं मत कदाचित वेगळं पडेल, पण मला ही जोखीम परवडत नाही.

रेषा वेगळी आणि रंग वेगळा, ही नकाशांची जुनीच रीत आहे. लिन्शोटेन या डच प्रवाशाच्या १५९६ सालच्या पुस्तकातला गोवा शहराचा नकाशा तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेला. त्या काळी असे नकाशे रंगवायचे झाले तर छपाईनंतर हातानेच रंगवत, आणि रंग पातळ ठेवत, म्हणजे अक्षरं झाकली जात नसत. क्रितात शाईचा लेयर, म्हणजे चित्राचा वेगळा थर, सगळ्यात वर ठेवून त्याला मल्टिप्लाय हा थर मिसळण्याचा पर्याय लावला की हेच साधतं: कागदाचा पांढरा भाग दिसेनासा होतो, काळी रेघ राहते, खाली हवं ते रंगवा. गाव नदीच्या दुसऱ्या काठाला हलवावंसं वाटलं तरी रंग वाया जात नाही.

क्रिताच्या ब्रशने पुन्हा पुन्हा येणाऱ्या त्या डागावर माझा उपाय असा. जानेवारी-फेब्रुवारीच्या कोरड्या दिवसांत, नव्या कागदावर नुसते वॉश टाकून ठेवतो: समुद्रासाठी निळा, शेतांसाठी हिरवा, पठारांसाठी बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी रंग, जो आपल्या जांभ्याच्या बराच जवळ जातो. ते ६०० डीपीआयला स्कॅन करायचे आणि नकाशातला तो तो भाग निवडून त्यात बसवायचे. एखाद्या वॉशमध्ये ठिपके आलेच, तर तेवढा तुकडा वगळता येतो.

भिंतीवर लावायला एकच नकाशा हवा असेल, तोही थंडीत आणि ताज्या कागदावर, तर जलरंगच घ्या. बाकी वेळी मी क्रिता सुचवीन. फक्त स्कॅन करताना रंग आपोआप सुधारण्याची सोय बंद ठेवा, नाहीतर फिकट वॉश पांढरेफटक होऊन येतात.