साय काढायची की राहू द्यायची? ताज्या दुधाचं घरी काय करावं

घरात रोज ताजं दूध येतं, पिऊन-वापरून लिटर-दीड लिटर उरतं आणि मग प्रश्न पडतो: याचं दही लावू, पनीर करू, की साय साठवून लोणी-तूप काढू? बहुतेकांना हे तीन वेगळे रस्ते वाटतात. मला वाटतं, खरा फाटा त्याच्या आधीच फुटतो. दूध तापवलं, गार झालं, वर साय धरली. ती काढली की राहू दिली, तिथेच पुढचं बरंचसं ठरून जातं. साय काढली तर एकाच दुधाच्या दोन वाटण्या होतात. वरच्या सायीचं लोणी-तूप आणि खालच्या दुधाचं दही, आणि ते चांगलं लागतं. पनीर आणि खवा मात्र सायीसकट दूध मागतात. साय काढलेल्या दुधाचं पनीर करून बघा, ते दाताखाली चिवट लागतं आणि निघतंही कमी.

म्हणून पदार्थ निवडण्याआधी आपलं दूध कसलं आहे ते बघा.

गाईच्या दुधात साधारण साडेतीन ते साडेचार टक्के फॅट असतं, म्हशीच्या दुधात सहा ते आठ टक्के. प्रथिनंही म्हशीच्या दुधात जास्त. हा फरक कागदावर लहान दिसतो, पण पातेल्यात मोठा असतो. गाईचं चार टक्क्यांचं दूध रोज एक लिटर धरलं तर आठवड्याच्या सात लिटरांत सगळं मिळून २८० ग्रॅमच्या आसपास फॅट असतं. म्हणजे काहीही केलं तरी त्याहून जास्त तूप निघूच शकत नाही. आणि प्रत्यक्षात बरंच कमी निघतं, कारण सगळं फॅट सायीबरोबर वर येत नाही, बरंचसं दुधातच राहतं. आठवडाभर साय साठवून वाटीभर तूप निघालं की काही जण हिरमुसतात. त्यात तुमच्या हाताचा दोष नसतो, दुधातच तेवढं असतं.

दूध होमोजिनाइज्ड असेल तर तुपाचा विचार सोडून द्या. त्यात फॅटचे कण इतके बारीक केलेले असतात की ते वर येतच नाहीत. तापवल्यावर पातळ पापुद्रा धरतो, साय नाही. अशा दुधाचं दही मात्र छान, एकसारखं लागतं. बंद खोक्यातलं, महिनोन्‌महिने बाहेर टिकणारं दूध आणखी वेगळं. ते १३५ अंशांच्या वर तापवलेलं असतं. त्याचं दही लागतं, पण मऊसर; पनीरचा गोळा नीट बांधला जात नाही.

आणि दूध थेट गोठ्यातून येत असेल तर ते उकळल्याशिवाय कशालाही घेऊ नका. निरशा दुधातून क्षयरोग, ब्रुसेलोसिस (जनावरांकडून माणसाला होणारा तापाचा आजार) आणि लिस्टेरिया, साल्मोनेला या जंतूंचे आजार येऊ शकतात, आणि विरजण लावल्याने किंवा लिंबू पिळल्याने ते सगळे जंतू मरतील याची खात्री नाही. पाश्चरायझेशनला ६३ अंशांवर ३० मिनिटं किंवा ७२ अंशांवर १५ सेकंद लागतात. घरात थर्मामीटर नसेल तर सरळ एक खळखळून उकळी आणावी. घरात गरोदर बाई, लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर इथे अजिबात सूट घेऊ नका.

दही: लिटरभर दुधाचं लिटरभर दही

तिन्हींत दही हे सर्वांत कमी वाया घालवणारं काम आहे. जेवढं दूध तेवढं दही, काही गाळून टाकायचं नाही. हाताला काम दहा मिनिटांचं. बाकी वेळ दही आपला आपण लागतं. नवीन माणसाने इथूनच सुरुवात करावी असं मी ठामपणे सांगते. पुढे लोणी काढायचं झालं तरी विरजण हेच लागणार आहे.

दूध नुसतं उतू जाईपर्यंत तापवून बंद करू नका. उकळी आल्यावर मंद आचेवर आणखी पाच-दहा मिनिटं ठेवा. ८५ अंशांच्या वर दूध थोडा वेळ राहिलं की एरवी पाण्यात विरघळलेली काही प्रथिनं केसीनला, म्हणजे दुधातल्या मुख्य प्रथिनाला, चिकटतात, आणि दही घट्ट लागून पाणी कमी सोडतं. पिशवीतलं दूध आधीच पाश्चराइज्ड असलं तरी दह्यासाठी हे तापवणं सोडू नये. मग दूध कोमट होऊ द्यायचं. स्वच्छ बोट बुडवून दहापर्यंत आरामात मोजता आलं पाहिजे. चटका बसला तर थांबा. लिटरला एक-दोन चहाचे चमचे विरजण पुरे. ते आधी वाटीत थोड्या दुधात फेटून घ्या आणि मग पातेल्यात घालून ढवळा. विरजण जास्त घातलं की दही लवकर लागतं हे खरं, पण आंबट होतं आणि कडेने पाणी सुटतं.

विरजणाविरजणांतही फरक असतो. बल्गेरियाच्या स्टामेन ग्रिगोरोव्ह यांनी १९०५ मध्ये दह्यातला जो दंडाच्या आकाराचा जिवाणू शोधला, त्याला ४० ते ४५ अंशांची ऊब लागते. विकतच्या योगर्टमध्ये तो असतो. घरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या विरजणात बरेचदा दुसरे जिवाणू असतात आणि ते तिशीच्या आसपास खूश असतात. त्यामुळे योगर्टचं विरजण घालून पातेलं ओट्यावर उघडं ठेवलं आणि दही लागलं नाही, तर नवल नाही. त्याला गुंडाळा, बंद ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवा. लागण्याच्या वेळात पातेलं हलवू नका. उबेत पाच-सहा तासांत, थंडीत दहा-बारा तासांत दही लागतं, आणि लागलं की लगेच फ्रिजमध्ये ठेवा.

एकदा आमच्याकडे चार दिवस सलग दही लागेना. विरजण बदललं, भांडं बदललं, दूध तसंच गोडसर पातळ राहायचं. शेवटी चौकशी केल्यावर कळलं की त्या जनावराला अँटिबायोटिक चालू होतं. औषधाचा अंश दुधात उतरला की विरजणातले जिवाणूच वाढत नाहीत. तेव्हापासून मी दही न लागणं ही दुधाबद्दलची खबर समजते. सगळं नीट करूनही पुन्हा पुन्हा असं झालं तर ते दूध पिण्यासाठीही घेऊ नये.

दही टिकायला मात्र कच्चं. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस गोड राहतं, पुढे आंबट होत जातं. दुधाने पोट बिघडणाऱ्या बऱ्याच जणांना दही सोसतं, कारण जिवाणूंनी दुधातली काही साखर आधीच खाल्लेली असते. जास्तीचं झालं तर फडक्यात टांगून चक्का करता येतो. तो अर्ध्याहूनही कमी भरतो, पण तेवढाच दाट.

पनीर: दोन तासांत हातात

घाई असेल तर पनीर. दूध तापवण्यापासून वड्या कापेपर्यंत दीड-दोन तास, आणि त्यातलाही बराच वेळ वजनाखाली दाबून ठेवण्याचा. दह्यासारखी ऊब-थंडीची चिंता नाही. पण यात दूध जातं फार. गाईच्या लिटरभर दुधाचं साधारण १३० ते १६० ग्रॅम पनीर होतं, म्हशीच्या दुधाचं २०० ग्रॅमच्या आसपास. बाकी पाऊण लिटर पाणी. ते हिरवट-पिवळं पाणी ओतून देऊ नका. त्यात दुधातली जवळजवळ सगळी साखर, क्षार आणि ब जीवनसत्त्वं असतात (तो रंगच रिबोफ्लेविनचा). पीठ मळायला, भाजी शिजवायला ते उत्तम.

पनीर बिघडतं ते दोनच ठिकाणी. एक, उकळत्या दुधात आंबट ओतलं तर. उकळी आली की गॅस बंद करून दोन-तीन मिनिटं थांबा. लिंबाचा रस किंवा व्हिनेगर पाण्यात मिसळून थोडं थोडं घाला आणि हलक्या हाताने ढवळा. दोन, थांबायचं कधी ते न कळल्यामुळे. पाणी दुधट असेल तर अजून थोडं आंबट हवं. स्वच्छ हिरवट झालं की त्याच क्षणी हात आवरा. जास्तीचं आंबट आणि जास्तीची उष्णता, दोन्हींनी पनीर रबरासारखं होतं. मग फडक्यात गाळून थंड पाण्याखाली धरायचं म्हणजे आंबटपणा निघून जातो. अर्धा-पाऊण तास वजन पुरतं. कुस्करून मळायचं असेल तर गाईचं दूध घ्या, त्याचं पनीर मऊ पडतं. वड्या अखंड हव्या असतील तर म्हशीचं.

नासलेलं दूध वाया जाऊ नये म्हणून त्याचं पनीर करण्याची सवय बऱ्याच घरांत आहे. तापवताना नुकतंच फाटलेलं, वासाला ठीक असलेलं दूध एक वेळ चालेल. वास आलेलं किंवा तार सुटलेलं दूध सरळ टाकून द्यावं. ताज्या दुधाच्या पनीरची चव त्याला येत नाही, आणि पोटाशी खेळ कशाला?

घरचं पनीर पाण्यात बुडवून, रोज पाणी बदलून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस ठेवता येतं. रोज उरणाऱ्या दुधासाठी मी हा पर्याय सुचवणार नाही. एकदम दोन-तीन लिटर उरलं आणि त्याच दिवशी खाणारी माणसं घरात असली, तर पनीरसारखं दुसरं काही नाही.

लोणी-तूप: आठवडाभराचं धोरण

हे सर्वांत सावकाश आणि मला सर्वांत आवडतं काम. इथे चुकायला जागा आहे ती साठवण्यात. साय नुसती फ्रिजमध्ये डब्यात टाकत राहिलं की आठ-दहा दिवसांत तिला कडवट वास धरतो, कारण थंडीतही वाढणारे काही जिवाणू असतात आणि ते फॅटवरच हात मारतात. मी एकदा बारा दिवसांची साय घेऊन बसले. लोणी आलं, तूपही झालं, पण खवट. कढवल्याने तो वास जात नाही. आता पहिल्याच दिवशी सायीच्या डब्यात चमचाभर दही घालते आणि रोजची साय त्यातच मिसळते. आंबट वातावरणात दुसऱ्या जंतूंचं फार चालत नाही. आठवड्याने डबा एक रात्र बाहेर ठेवला की साय छान विरजते. विरजलेल्या सायीचं लोणी लवकर येतं आणि त्याला वासही खमंग. नुसत्या गोड सायीचं लोणी चवीला सौम्य असतं, त्याचं ताक आंबट नसतं. पावाला लावून खायचं असेल तर काही जणांना तेच आवडतं. तूप करायचं असेल तर माझं मत विरजलेल्या सायीला.

घुसळताना साय थंड हवी, १२ ते १५ अंशांच्या आसपास. गरम साय नुसती पातळ होते, फॅट हाताला लागत नाही. फार थंड असली की कण एकमेकांना धरत नाहीत. बर्फाचं पाणी जवळ ठेवा आणि थोडं थोडं घाला. आधी साय फुगते, जड होते, रवी अडायला लागते. इथे अनेकजण हात सोडतात. आणखी दोन मिनिटं चालू ठेवा. एकदम आवाज बदलतो, घट्ट घरघर जाऊन पाण्याची खळखळ ऐकू येते, आणि रवीच्या पात्यांना पिवळे-पांढरे रवाळ कण चिकटलेले दिसतात. लोणी आलं. गोळा हातात घेऊन थंड पाण्याने दोन-तीनदा धुवा, पाणी स्वच्छ निघेपर्यंत. आत राहिलेलं ताक हेच लोणी आंबवतं.

लोण्यात सुमारे ८० टक्के फॅट असतं, बाकी बहुतेक पाणी. कढवणं म्हणजे ते पाणी घालवणं आणि उरलेली बेरी भाजणं. जाड बुडाचं पातेलं, मंद आच. सुरुवातीला मोठे बुडबुडे तडतडतात. पाणी संपत आलं की आवाज खाली बसतो, वर बारीक फेस येतो, तळाची बेरी बदामी होते. त्याच वेळी उतरवा, कारण पातेल्याच्या उष्णतेवर ती आणखी भाजत राहते. तूप खोलीच्या तापमानाला सावकाश गार होऊ दिलं की रवाळ पडतं. लगेच फ्रिजमध्ये घातलं की गुळगुळीत घट्ट होतं. गाईचं तूप पिवळं असतं ते कॅरोटीनमुळे. म्हशीच्या दुधात ते जवळजवळ नसतं, म्हणून ते पांढरं. पिवळेपणावरून शुद्धता ठरवू नका.

टिकण्याच्या बाबतीत बाकी कुणी तुपाच्या जवळपास येत नाही. पाण्याचा थेंब आणि ओला चमचा लागला नाही तर ते बाहेर कित्येक महिने राहतं. लोणी फ्रिजमध्ये एक-दोन आठवडे.

खव्याबद्दल थोडक्यात: लिटरभर दूध आटवायला पाऊण तास उभं राहून सतत ढवळावं लागतं, क्षणभर नजर हटली की तळ लागतो. रोजच्या उरलेल्या दुधासाठी ही मेहनत परवडत नाही. रेनेट (दूध गोठवणारं विकर) घालून चीज करणं ही वेगळीच वाट आहे. तापमान, आम्लता आणि वेळ मोजून करायचं काम ते. दही-पनीरवर हात बसल्याशिवाय तिकडे वळू नका.

तर आता तुमच्या घराचं बघू. म्हशीचं दूध, रोज लिटरभर उरतं, खाणारी तीन-चार माणसं: साय काढा, खालच्या दुधाला विरजण लावा, आठवड्याने तूप करा. काहीच वाया जात नाही. गाईचं दूध आणि दोघांचंच घर असेल तर साय काढत बसू नका, सायीसकट दही लावा. ते इतकं चांगलं लागतं की थोड्याशा तुपासाठी त्याचा बळी देऊ नये. होमोजिनाइज्ड दूध असेल तर दही, आणि कधीतरी पनीर. आठवड्यातून एकदाच वेळ मिळतो आणि दूधही तेव्हाच जास्त येतं असं असेल तर पनीर करा, त्याच दिवशी खा. त्यातलं थोडं दूध वाचवून वाटीभर दहीही लावून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी विरजण कुणाकडे मागावं लागणार नाही.